आबे फारिया : नेमकी नस सापडलेला गोमंतकीय

मांडवीवर पूल होण्यापूर्वी डिचोली, पेडण्याकडून पणजीला येणारी माणसे बेतीला उतरत आणि फेरीबोटीने पैलतीर गाठत. धक्क्यावरून थोडे पुढे गेले की आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याशेजारी एक विलक्षण पुतळा दृष्टीस पडे. तो आजही तेथेच आहे. पायघोळ झगा घातलेला एक धर्मगुरू, पुढे पसरलेले त्याचे दोन्ही हात आणि त्या हातांखाली भान हरपून कलंडलेली एक स्त्री. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेल्या या शिल्पाकडे पाहताना पहिल्यांदा मनात येते ते जादूटोण्याचेच. जणू त्या हातांतून कसलीशी शक्ती निघते आहे आणि समोरची स्त्री तिला बळी पडते आहे.

हे धर्मगुरू म्हणजे कांदोळीचे जुझे कुस्तोदियो द फारिया, अर्थात आबे फारिया. हातांतून अशी कोणतीही शक्ती निघत नाही, जे काही घडते ते समोरच्या माणसाच्या ठायीच घडते, हे सांगण्यात त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची पडली. त्यासाठी त्यांनी जुने शब्द टाकून नवे शब्द घडवले. नाव चुकले की विकाराचे मूळही चुकीच्या जागी शोधले जाते, हे त्यांनी ओळखले होते. असा माणूस शेवटी एका अशा आजाराने गेला, ज्याच्या नावाखाली तेव्हा अनेक विकार एकत्र कोंबलेले होते. ते नाव पुढे उलगडले गेले, आणि त्यात फारियांचे चरित्र लिहिणाऱ्या एका वैद्याचा मोठा वाटा होता.

फारियांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळीत, आजोळी झाला. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे. शापोरा नदीच्या अलीकडे कोलवाळ आणि पलीकडे पेडणे. हे घराणे मूळचे सारस्वत. सोळाव्या शतकात धर्मांतर केलेल्या अनंत शेणवी या गावच्या कुळकर्ण्यापासून आपला वंश सुरू झाल्याचे त्या घरात सांगितले जाई. त्या काळचा गोवा आजच्याएवढा नव्हता. पोर्तुगीजांची सत्ता मुख्यतः तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत होती. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्या अमलाखाली आले. फारिया लहान असताना हे दोन्ही महाल सावंतवाडीकर भोसल्यांचे होते, म्हणजे कोलवाळच्या माणसाला नदीपलीकडे दिसत होते ते दुसरे राज्य.

घरातले वातावरण सुखाचे नव्हते. कायतान व्हितोरिनो लग्नापूर्वी धर्मगुरू होण्यासाठी शिकत होते. पत्नी रोझा मारिया द सौझा यांच्याशी त्यांचे पटले नाही. चर्चच्या संमतीने दोघे विभक्त झाले. वडिलांनी अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करून दीक्षा घेतली, तर आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण म्हणून दाखल झाली आणि पुढे तेथील प्रमुखपदापर्यंत पोहोचली. आईबाप दोघेही संन्यस्त झालेल्या या मुलाच्या वाट्याला घर असे फार काळ आलेच नाही. फेब्रुवारी १७७१ मध्ये वडिलांनी त्याला बरोबर घेतले आणि दोघे लिस्बनला जाणाऱ्या जहाजात बसले. नऊ महिन्यांच्या प्रवासानंतर नोव्हेंबरमध्ये ते लिस्बनला पोहोचले. तेव्हा जुझे कुस्तोदियोचे वय १५ वर्षांचे होते. त्यांनी गोवा पुन्हा कधी पाहिला नाही.

लिस्बनहून त्यांना रोमला पाठवण्यात आले. मिशनरी कार्यासाठी धर्मगुरू घडवणाऱ्या तेथील विख्यात विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १२ मार्च १७८० रोजी त्यांना दीक्षा मिळाली आणि धर्मशास्त्रातील प्रबंधाबद्दल डॉक्टर ही पदवीही. ईश्वराचे अस्तित्व आणि त्याचे प्रकटीकरण हा त्या प्रबंधाचा विषय. पोर्तुगालची राणी मारिया पहिली आणि राजा पेद्रू तिसरा यांना तो अर्पण केलेला होता. लिस्बनला परतल्यावर राजदरबारी त्यांना मान मिळू लागला.

याच काळातली एक आख्यायिका गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. राणीसमोर प्रवचन देण्यासाठी फारिया व्यासपीठावर चढले आणि समोरचा दरबार पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी कोंकणीत हळूच सुचवले, की समोर आहे ती सगळी निव्वळ भाजी आहे असे समज आणि काप. मुलाची भीती तत्क्षणी पळाली आणि प्रवचन रंगले. आख्यायिका म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट फारियांच्या पुढील विचाराशी इतकी जुळते, की ती टिकून राहिली यात नवल नाही. योग्य क्षणी, विश्वासाच्या माणसाने उच्चारलेला एक शब्द ऐकणाऱ्याच्या अंगात केवढा बदल घडवतो, हाच तर पुढे त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कट उघडकीस आला. कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावावरून तो पिंटोंचे बंड म्हणून ओळखला जातो. त्यात एतद्देशीय धर्मगुरू आणि लष्करी अधिकारी होते. वरची पदे गोऱ्यांनाच मिळतात, हा त्यांचा राग होता. १५ जणांना देहदंड झाला आणि अनेक धर्मगुरू कैदी म्हणून लिस्बनला धाडले गेले. कटातील प्रमुख धर्मगुरूंचा लिस्बनमध्ये फारिया पितापुत्रांशी परिचय होता, त्यामुळे संशयाची सावली त्यांच्यावरही पडली. १७८८ मध्ये जुझे कुस्तोदियो पॅरिसला निघून गेले.

वर्षभरातच फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. या धामधुमीत फारिया नुसते प्रेक्षक राहिले नाहीत. ऑक्टोबर १७९५ मध्ये पॅरिसमधील काही विभागांनी राष्ट्रीय सभेविरुद्ध उठाव केला, तेव्हा एका तुकडीच्या अग्रभागी हा गोमंतकीय धर्मगुरू होता. तो उठाव तोफा डागून मोडून काढणारा तरुण सेनानी म्हणजे नेपोलियन बोनापार्ट.

पॅरिसमध्ये त्या वेळी मेस्मरच्या विद्येची चर्चा अजून शमलेली नव्हती. व्हिएन्नाहून आलेल्या या वैद्याचे म्हणणे असे, की सर्व सृष्टीत एक अदृश्य द्रव भरून आहे, माणसाच्या शरीरात त्याचा प्रवाह अडला की रोग होतो आणि कुशल चुंबककार आपल्या हातांनी तो मोकळा करू शकतो. या कल्पनेला त्याने प्राणिज चुंबकत्व असे नाव दिले होते. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांसारख्यांचा समावेश असलेल्या राजनियुक्त समितीने १७८४ मध्ये तपास करून असा द्रव अस्तित्वात नसल्याचा आणि परिणाम घडतो तो कल्पनाशक्तीचा, असा निर्वाळा दिला. त्याच सुमारास मार्क्विस द प्युइसेग्युर या उमरावाला असे आढळले, की काही माणसे या प्रयोगात झोपेसारख्या अवस्थेत जातात आणि त्या अवस्थेत बोलतात, उत्तरेही देतात. फारियांनी या विद्येची दीक्षा प्युइसेग्युरच्या परंपरेतच घेतली आणि पुढे आपला ग्रंथ त्यालाच अर्पण केला, पण गुरूची मते मात्र जशीच्या तशी स्वीकारली नाहीत.

१८११ मध्ये ते मार्सेयच्या विद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. पुढे त्यांना नीमला पाठवण्यात आले. तेथे मन न रमल्याने ते पॅरिसला परतले आणि ११ ऑगस्ट १८१३ पासून र्यू द क्लिशी या रस्त्यावरील ४९ क्रमांकाच्या घरात त्यांनी जाहीर वर्ग सुरू केले. प्रवेशासाठी पाच फ्रँक मोजून पॅरिसचे उच्चभ्रू लोक तेथे गर्दी करू लागले. सावळा वर्ण, उंच बांधा, पिकलेले केस आणि परदेशी वळणाची फ्रेंच भाषा यांमुळे त्यांच्याभोवती आपसूकच गूढतेचे वलय निर्माण झाले.

प्रत्यक्षात त्यांची पद्धत मेस्मरच्या थाटापुढे अगदीच साधी होती. ना चुंबक, ना लोखंडी कांबी, ना पाण्याचे हौद, ना संगीत. समोरच्या माणसाला खुर्चीत आरामात बसवायचे, डोळे मिटून मन झोपेवर एकाग्र करायला सांगायचे आणि मग ठाम आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. काही जण तत्काळ त्या अवस्थेत जात, काहींना तळहाताकडे टक लावून पाहावे लागे, तर काहींवर काहीच परिणाम होत नसे. त्या अवस्थेत दिलेली सूचना जागे झाल्यावरही पाळली जाते, हेही त्यांनी नोंदवले.

या अवस्थेला त्यांनी सजग निद्रा या अर्थाचे नाव दिले. प्रयोग करणाऱ्याला ते चुंबककार म्हणत नसत, एकाग्रता साधून देणारा म्हणत. निद्रेत जाणाऱ्यासाठी त्यांनी प्राचीन ग्रीक दीक्षाविधींतून द्रष्टा या अर्थाचा शब्द उचलला. नावांच्या या बदलात त्यांचा सगळा सिद्धान्त सामावलेला होता. चुंबककार म्हटले की सामर्थ्य वैद्याच्या हाती जाते आणि रुग्ण लोखंडाचा तुकडा ठरतो. द्रष्टा म्हटले की कर्ता रुग्ण होतो. तुम्हाला मी झोपवत नाही, तुम्हीच झोपता, हा त्या शिकवणीचा गाभा होता. लोक ज्याला चमत्कारी पुरुष मानत होते, तोच आपल्या अंगी चमत्कार नाही असे बजावत होता.

अर्थात फारियांचे सगळेच म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले नाही. काही माणसे सहज निद्रेत जातात आणि काही जात नाहीत, याचे कारण त्यांनी रक्तात शोधले. ज्यांचे रक्त पातळ ते लवकर सजग निद्रेत जातात, आणि थोडे रक्त काढले तर एरवी न जाणारेही जाऊ शकतात, असे त्यांना वाटे. हा तर्क चुकला, पण तो त्यांच्या काळाला धरूनच होता. पॅरिस त्या दिवसांत वैद्यकाची राजधानी बनत होते. तेथील रुग्णालयांत मृत रुग्णांचे विच्छेदन करून जिवंतपणीच्या लक्षणांशी आतल्या बिघाडाची सांगड घातली जात होती. लाएनेकने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप बनवला आणि त्यावरील ग्रंथ १८१९ मध्ये, म्हणजे फारियांच्या ग्रंथाच्याच वर्षी, प्रसिद्ध केला.

आज ज्या विकाराला ॲन्युरिझम म्हणतात, तो शब्द या मंडळींच्या रोजच्या वापरातला होता. त्याचे मूळ ग्रीक आणि अर्थ रुंदावणे, फैलावणे. मराठी वैद्यकीय परिभाषेत त्याला रोहिणीविस्फार म्हणतात. रोहिणी म्हणजे हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणारी वाहिनी. पण नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार हाच शब्द खुद्द हृदय मोठे होण्यासाठीही वापरी. छातीतल्या मोठ्या रोहिणीचा फुगवटा काही वेळा बाहेरून धडधडताना हाताला लागे. मेंदूतल्या बारीक वाहिनीला आलेला फुगवटा मात्र कवटीच्या आड दडलेला. तो दिसलाच तर मृत्यूनंतर, विच्छेदनाच्या मेजावर.

फारियांच्या वाट्याला लवकरच उपहास आला. प्रसिद्ध लेखक शातोब्रियां याने आपल्या आठवणींत त्यांची खिल्ली उडवली आहे. एका मेजवानीत चुंबकविद्येने कॅनरी पक्षी मारून दाखवण्याची बढाई आबेंनी मारली, पण पक्षीच त्यांना भारी पडला, अशी ती हकिकत. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर चुंबकवेडाची थट्टा करणारे एक प्रहसन आले. लोकप्रिय विनोदी नट पोतिए याने त्यातली मुख्य भूमिका अशी वठवली, की ती कोणाची नक्कल आहे हे सांगण्याची गरजच उरली नाही. प्रेक्षक पोट धरून हसले आणि फारियांचे वर्ग ओस पडले. एकीकडे चर्चला या विद्येत सैतानाचा वास येत होता, दुसरीकडे चुंबकवादी त्यांना घरभेदी मानत होते आणि शहाणे लोक त्यांना भोंदू म्हणत होते.

आबेंनी मग मुलींच्या एका निवासी शाळेत धर्मगुरूचे काम पत्करले आणि तेथे राहून सजग निद्रेच्या कारणाविषयीचा आपला ग्रंथ लिहायला घेतला. योजना अनेक खंडांची होती. पहिला खंड १८१९ मध्ये बाहेर पडला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला, वयाच्या ६३ व्या वर्षी, झटका येऊन फारियांचा अंत झाला. त्यांना मोंमार्त्र येथे पुरण्यात आले. त्या जागेवर नाव कोरलेला दगडही नव्हता.

झटका हा शब्द मराठीत रुळलेला आहे आणि त्या वेळच्या युरोपातला शब्दही याच अर्थाचा होता. त्याचे ग्रीक मूळ फटका बसून कोसळण्याचे. आपला पक्षाघात हा शब्द शरीराच्या एका बाजूवर झालेल्या आघाताविषयी बोलतो, तर अर्धांगवायू त्याचा दोष वायूला देतो. या तिन्ही शब्दांत बाहेरून दिसणारे दृश्य आहे किंवा एक समजूत आहे. आत मेंदूत काय झाले, हे त्यांतला एकही शब्द सांगत नाही. कधी तेथील वाहिनी गुठळीने तुंबते. बहुतेक झटके याच प्रकारचे असतात. कधी वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने जीर्ण झालेली बारीक वाहिनी फुटते. तर कधी दोन वाहिन्यांच्या फाट्यापाशी भिंत दुबळी होऊन तेथे फळासारखा फुगवटा येतो आणि एके दिवशी तो फुटून मेंदूभोवती रक्त पसरते. हा तिसरा प्रकार म्हणजे मेंदूतील रोहिणीविस्फार. १८१९ मध्ये जगातल्या कोणत्याही वैद्याला, रुग्ण जिवंत असताना, या तिघांतला फरक पाहण्याचा मार्ग नव्हता. फारियांच्या मृत्यूला मिळालेले नाव त्यामुळे नाव कमी आणि पडदाच अधिक होते.

मृत्यूनंतर पाव शतकाने फारिया पुन्हा जिवंत झाले ते कादंबरीत. अलेक्सांद्र द्यूमा याची मोंते क्रिस्तोच्या सरदाराची कथा १८४४ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. मार्सेयच्या समुद्रातील शातो दिफ या तुरुंगात तरुण नायकाला विद्या शिकवणारा आणि खजिन्याचा पत्ता देणारा वृद्ध कैदी म्हणजे आबे फारिया. द्यूमाने त्याला इटालियन केले, पण नाव तेच ठेवले. विशेष म्हणजे हा कादंबरीतला आबेही झटक्यांचा रोगी आहे. दुसऱ्या झटक्यात त्याचे उजवे अंग लुळे पडते आणि तिसऱ्यात तो प्राण सोडतो.

शास्त्राच्या जगात न्याय मिळायला याहून उशीर लागला. जेम्स ब्रेड या इंग्लंडमधील शल्यवैद्याने १८४३ मध्ये निद्रेच्या ग्रीक नावावरून हिप्नॉटिझम हा शब्द रूढ केला. आपण त्याला संमोहन म्हणतो. पुढे फ्रान्समधील नान्सी येथे लिएबो आणि बर्नहाइम यांनी सूचना हेच संमोहनाचे मूळ असल्याचे मांडले, तेव्हा हे फारियांनी फार आधी सांगितले होते, याची जाण वैद्यकाला आली. १९०६ मध्ये गोमंतकीय वैद्य डालगादो यांनी त्यांच्यावर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले.

त्यानंतर १९२५ मध्ये लिस्बनहून एक ग्रंथ आला. संमोहनाच्या इतिहासातील फारियांचे स्थान हा त्याचा विषय. लेखक होते लिस्बन विद्यापीठातील मज्जाविकारांचे प्राध्यापक एगाश मोनिश. राजकारणातही वावरलेले, १९१८ मध्ये पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री झालेले हे गृहस्थ तेव्हा पन्नाशीत होते. कांदोळीच्या आबेला विस्मृतीतून बाहेर काढल्यावर त्यांनी एका वेगळ्याच कामाला हात घातला. क्ष-किरणांना कवटीचे हाड दिसत होते, मेंदूच्या वाहिन्या दिसत नव्हत्या. त्या दिसाव्यात म्हणून मानेतल्या रोहिणीत क्ष-किरण अडवणारे द्रव्य सोडायचे आणि ते मेंदूत पसरताना छायाचित्र घ्यायचे, अशी मोनिश यांची कल्पना होती. संधिवाताने त्यांचे हात अधू झालेले असल्याने सुई चालवण्याचे काम त्यांचे तरुण सहकारी आल्मैदा लिमा करीत. आधीच्या प्रयत्नांत एक रुग्ण दगावला. अखेर जून १९२७ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतील वाहिन्यांचे स्पष्ट चित्र प्रथमच काचेवर उमटले.

पुढल्या काही वर्षांत याच पद्धतीने जिवंत रुग्णाच्या मेंदूतला रोहिणीविस्फार प्रत्यक्ष दिसला. दिसला म्हणून त्यावर उपाय सुचला. १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी याने असा फुगवटा मुळाशी चिमट्याने बंद केला. आज जांघेतून वा मनगटातून बारीक नळी वर नेऊन त्या फुगवट्यात तारेची वेटोळी भरतात आणि तो निकामी करतात. मोनिश यांना १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते मेंदूवरील एका शस्त्रक्रियेसाठी. ती शस्त्रक्रिया पुढे निषिद्ध ठरली. वाहिन्यांचे चित्रण मात्र टिकले आणि आजही रोज प्राण वाचवते आहे.

या इतिहासाचा डिचोलीच्या एखाद्या घराशी संबंध येतो तो अवचित. घरातले माणूस आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी होते म्हणून ओरडते, मान ताठते, उलटी होते, डोळ्यांना दोन दोन दिसू लागते किंवा शुद्ध हरपते. कुणी म्हणते पित्त, कुणी म्हणते दृष्ट, कुणी देवळात कौल लावायला निघते. यांतले प्रत्येक नाव वेळ खाते. रोहिणीविस्फार फुटला असेल तर तोच वेळ जीव वाचवणारा असतो आणि तो बांबोळीच्या रस्त्यावर खर्च व्हायला हवा. रक्तदाब आणि विडी-सिगारेट ही या फुगवट्याची दोन मोठी खतपाणी आहेत, हेही आता पक्के ठाऊक आहे.

फारियांनी शिकवले ते याहून वेगळे नव्हते. माणसाला काय होते आहे त्याचे कारण बाहेरच्या शक्तीत शोधू नये, त्याच्याच देहामनात शोधावे. रक्ताविषयीचा त्यांचा तर्क चुकला, दिशा चुकली नाही. मांडवीकाठच्या पुतळ्यात त्यांचे हात अजूनही पसरलेले आहेत आणि पाहणाऱ्याची नजर त्या हातांवरच खिळते. आबेंचे ऐकायचे तर ती तेथून काढून खाली कलंडलेल्या त्या स्त्रीकडे वळवायला हवी.